पल्स ५२ म्हणजे हार्ट वीक? नाही हो

ठाण्यात उपवनला रोज पळणाऱ्या पोराच्या घड्याळात पल्स ५२ दिसली की घरचे लगेच, ६० च्या खाली म्हणजे हार्ट वीक! असं नसतं. बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० ठोके ही साधारण रेंज, पण नियमित पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, वर व्हेगस नर्व्ह (मेंदूतून हृदयाकडे येणारी नस) ठोके आवरून धरते, मग ४०-५० पण चालतात, झोपेत अजून कमी. आता कमी पल्स म्हणजे फिटच, हेही खरं नाही (हे जिमवाल्यांचं लाडकं). व्यायाम शून्य, आणि चक्कर, दम, डोळ्यापुढे अंधारी असेल तर ईसीजी, थायरॉइड करून घ्या, बीटा ब्लॉकर (बीपी, हार्टसाठी देतात त्या) गोळ्यांनीही पल्स उतरते, पण त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शुद्ध हरपली तर मात्र थेट हॉस्पिटल.