औषधाच्या ॲलर्जीची संकेतांकासह नोंद: कोण मागू शकतो आणि कोणते कागद लागतात

सिंधुदुर्गातील रुग्ण अत्यवस्थ झाला की त्याला पुष्कळदा गोव्यातील बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला हलवावे लागते, आणि तेथील डॉक्टरांच्या हाती सर्वप्रथम डिस्चार्ज कार्ड किंवा संदर्भचिठ्ठी पडते. तिच्यावर ‘औषधाची ॲलर्जी’ एवढेच लिहिलेले असेल, तर नेमके कोणते औषध टाळायचे हे त्यांना कळू शकत नाही. म्हणून औषधाचे नाव, झालेला त्रास, तो केव्हा झाला ती तारीख आणि आजाराचा संकेतांक या चारही गोष्टी घरी जाण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्याव्यात.

संकेतांक जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून दिला जातो. रुग्णाला पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झालेली आहे, ही माहिती त्यातील झेड ८८ या गटात येते: पेनिसिलिनसाठी झेड ८८.०, इतर प्रतिजैविकांसाठी झेड ८८.१, सल्फा औषधांसाठी झेड ८८.२, भुलीच्या औषधांसाठी झेड ८८.४, वेदनाशामकांसाठी झेड ८८.६ आणि लस किंवा सीरमसाठी झेड ८८.७. कोकणात यांपैकी काही नोंदींना विशेष महत्त्व आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात आणि त्यावर पेनिसिलिन व डॉक्सिसायक्लिन ही नेहमीची औषधे आहेत. त्यामुळे पहिले दोन संकेतांक येथे थेट उपचारांची दिशा ठरवतात. फुरसे किंवा घोणस चावल्यावर दिली जाणारी सर्पविषाची लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते, आणि तिची पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेली असल्यास ती झेड ८८.७ खाली नोंदवावी. अशी नोंद असली म्हणून पुढच्या सर्पदंशात लस नाकारायची नसते. डॉक्टरांनी ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) हाताशी ठेवून सावधपणे लस सुरू करावी, यासाठी ती नोंद असते.

झेड ८८ हा पूर्वेतिहासाचा संकेतांक आहे, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. प्रतिक्रिया आता आली असेल आणि त्यासाठीच रुग्णाला दाखल केले असेल, तर मुख्य निदान वेगळे लिहिले जाते. योग्य रीतीने दिलेल्या योग्य औषधाने ॲनाफायलॅक्टिक शॉक (जीवघेणी तीव्र ॲलर्जी) आला असल्यास टी ८८.६, अंगभर पुरळ उठले असल्यास एल २७.० आणि सोबत कारणीभूत औषधाचा संकेतांक, जसे पेनिसिलिनसाठी वाय ४०.०, अशी ती मांडणी असते. इंटरनेटवर दिसणारे सात अक्षर-अंकांचे लांब संकेतांक अमेरिकेतील सुधारित आवृत्तीतील असतात. ते येथील कागदावर लिहून मागू नयेत. विम्याच्या दावा अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागातही आयसीडी-१० चा रकाना असतो, त्यामुळे निदान आणि संकेतांक एकमेकांशी जुळतात ना, हे पाहून घ्यावे.

ही नोंद रुग्ण स्वतः किंवा त्याने अधिकृत केलेली व्यक्ती मागू शकते आणि अल्पवयीन मुलासाठी पालक मागू शकतात. संकेतांक ठरवण्याचा अधिकार मात्र अर्जदाराचा नाही. उपचार करणारे डॉक्टर निदान लिहितात आणि त्यावरून तो ठरतो. गोळीने मळमळणे किंवा जुलाब होणे हा बहुतेक वेळा दुष्परिणाम असतो, ॲलर्जी नव्हे. तो ॲलर्जी म्हणून लिहिला गेला, तर रुग्ण एका उपयोगी औषधाला विनाकारण मुकतो. कोळंबी खाल्ल्याने अंगावर गांधी येत असतील, तर ती नोंदही झेड ८८ मध्ये बसत नाही. तिच्यासाठी झेड ९१.० आहे.

अर्ज साध्या कागदावर, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे करावा. सोबत ओळखपत्र, केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत, औषधाची चिठ्ठी, आणि शक्य असेल तर गोळ्यांच्या पाकिटाचे असे छायाचित्र जोडावे, ज्यात औषधाचे मूळ नाव व बॅच क्रमांक वाचता येईल. केवळ व्यापारी नाव पुरेसे नसते, कारण तेच औषध दुसऱ्या नावानेही विकले जाते. अंगावर पुरळ असतानाच काढलेले छायाचित्र निदानाला फार उपयोगी पडते. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यावयाचे असतात. मात्र ते जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांपुरतेच असल्याने जुन्या प्रसंगाचा अर्ज लांबवू नये.

याखेरीज औषधाच्या प्रतिक्रियेची माहिती भारतीय औषधदक्षता कार्यक्रमालाही देता येते. त्यासाठी ग्राहकांचा स्वतंत्र अर्ज मराठीत उपलब्ध आहे, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही माहिती नोंदवता येते. ही नोंद औषधांच्या सुरक्षिततेच्या अभ्यासासाठी वापरली जाते. तिच्यामुळे रुग्णाच्या कागदावर काहीही आपोआप बदलत नाही, म्हणून रुग्णालयातील अर्ज स्वतंत्रपणे करावाच लागतो. दुरुस्त कागद मिळाला की त्याची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी आणि १४ अंकी आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) काढलेला असल्यास तो अभिलेख त्याला जोडून देण्याची विनंती रुग्णालयाकडे करावी.