थ्रॉटल होल्ड: एका स्विचची पार्श्वभूमी

रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या ट्रान्समीटरवर 'थ्रॉटल होल्ड' नावाचा, म्हणजे इंजिनाचा किंवा मोटरचा वेग (थ्रॉटल) स्टिकपासून तोडणारा, एक स्विच असतो. बॅटरी जोडण्याआधी तो लावायचा, उडवताना तेवढा काढायचा, आणि जमिनीला टेकताक्षणी पुन्हा लावायचा, हे आज पहिल्याच दिवशी शिकवतात. गंमत अशी की हा स्विच सुरक्षेसाठी जन्मालाच आला नव्हता.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत डीटर श्लूटर यांनी खऱ्या अर्थाने ताब्यात राहणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवलं आणि नंतर त्याचं किटही बाजारात आलं. त्या मॉडेलांत ग्लो इंजिन, म्हणजे इंधनावर चालणारं छोटं इंजिन, असे आणि पात्यांचा कोन ठरलेला असे. वर-खाली जायचं तर इंजिनाचा वेगच कमीजास्त करावा लागे. पुढे कलेक्टिव्ह पिच आली, म्हणजे पात्यांचा कोन उडतानाच बदलता येऊ लागला, आणि त्याबरोबर ऑटोरोटेशनही. इंजिन बंद पडलं तर पात्यांचा कोन किंचित उणे करायचा, खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवायचा, आणि जमिनीजवळ कोन वाढवून साठलेला वेग खर्च करत अलगद उतरायचं. या सरावासाठी दर वेळी इंजिन बंद करणं परवडणारं नव्हतं. म्हणून होल्ड आला: इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद वेगावर, अडकून राहतं, त्याला रोटरशी जोडणारा क्लच सुटतो, पिचची स्टिक मात्र मोकळी राहते.

ग्लो इंजिनाचा धोका निदान कानाला कळत असे. एका हाताने रोटर हेड, म्हणजे पाती बसवलेला मधला भाग, घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने स्टार्टर लावायचा. थ्रॉटल चुकून वर राहिला तर इंजिन पेटताच क्लच पकडतो आणि हातातलं हेड फिरू पाहतं. पण इंजिन चालू आहे हे मैदानावर सगळ्यांना ऐकू येत असे.

लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटर आली आणि हा आवाज गेला. बॅटरी जोडलेलं हेलिकॉप्टर टेबलावर गप्प बसलेलं असतं, पण पूर्ण सज्ज असतं. त्यात आयडल-अपची भर. उलटं उडण्यासाठी केलेल्या या मोडमध्ये थ्रॉटल कर्व्ह, म्हणजे स्टिकच्या जागेनुसार मोटरचा वेग ठरवणारा आलेख, सपाट किंवा इंग्रजी व्ही आकाराचा असतो, त्यामुळे स्टिक पार खाली ओढली तरी मोटर जोरातच फिरते. नवख्यांची सर्वांत महागडी चूक इथेच होते: हेलिकॉप्टर कोसळताना हात सवयीने स्टिक खाली ओढतो, मोटर थांबत नाही, आणि अडकलेल्या रोटरला ढकलत राहून मुख्य गिअरचे दात उडवते, कधी मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलरही जाळते. होल्डमध्ये मोटर शून्यावर जाते, म्हणून ऑटोरोटेशनचा जुना स्विच विजेवरच्या हेलिकॉप्टरचा मुख्य सुरक्षा स्विच झाला. आपटण्याआधी तो मारायची सवय सिम्युलेटरवरच लावून घ्यावी, प्रत्यक्षात विचाराला वेळ मिळत नाही.

'आधी ट्रान्समीटर, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी' हा क्रमही जुना आहे. २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर उडवताना मॉडेलमधल्या रिसीव्हरला आपला ट्रान्समीटर सापडला नाही, तर तो आसपासचा गोंगाटच आज्ञा समजे. एका चॅनेलवर दोघे आले तर कुणाचं तरी विमान पडणार हे नक्की, म्हणून मैदानावर फळ्यावरची चॅनेलची खुंटी घेतल्याशिवाय ट्रान्समीटर लावायचा नाही असा दंडक होता. २००५नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच पसरले, खुंट्या गेल्या. क्रम मात्र राहिला आणि राहायलाच हवा.

'छोटं आहे, काय होणार' हा समज खेळण्यांमुळे पसरला. २००६च्या सुमारास तळहातावर मावणारी, इन्फ्रारेडवर चालणारी हेलिकॉप्टरं घराघरात गेली. त्यांची पाती मऊ आणि हलकी, बोटाला लागली तर थांबतात. पण ४५० या आकार-वर्गाच्या हेलिकॉप्टरचा रोटर सुमारे ७० सेंटिमीटरचा. मिनिटाला २८०० फेऱ्यांवर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. ७०० वर्गाचा रोटर दीड मीटरहून मोठा. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका उद्यानात अनुभवी तरुण पायलट स्वतःच्याच मॉडेलच्या पात्याने दगावला. स्थिरता देणारा गायरो पात्याची ऊर्जा कमी करत नाही, हे हेलिकॉप्टर जितकं सोपं होत गेलं तितकं विसरलं जातं.

नवीन किंवा दुरुस्त हेलिकॉप्टरवर होल्ड तपासताना मुख्य आणि शेपटीची पाती उतरवून ठेवावीत. होल्ड लावून बॅटरी जोडावी, गायरो सुरू होईपर्यंत हेलिकॉप्टर हलवू नये. मग स्टिक तळापासून टोकापर्यंत न्यावी: पिच हलली पाहिजे, मोटर नाही. आयडल-अपच्या प्रत्येक स्थितीत हेच करावं, कारण काही ट्रान्समीटरवर होल्डचं मूल्य वेगळं भरावं लागतं आणि ते राहून जातं. शेवटी होल्ड काढून मोटर मंद फिरू द्यावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबली नाही, तर फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते ठरवणारी सेटिंग, शेवटची आज्ञा धरून बसला आहे. तो शून्य थ्रॉटलवर लावल्याशिवाय पाती चढवू नयेत.