शटडाऊन (अमेरिका)

खर्चाला संसदेची मंजुरी वेळेत न मिळाल्यामुळे अमेरिकेच्या संघीय सरकारची जी कामे थांबतात, त्याला शटडाऊन म्हणतात. मराठी वृत्तपत्रे याला 'टाळेबंदी' म्हणतात. शब्द गिरणीच्या फाटकाची आठवण करून देतो, पण थोडा फसवा आहे. टाळे सगळ्याच कचेऱ्यांना लागत नाही.

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर विनियोजन विधेयके (खर्चाला मंजुरी देणारी विधेयके) किंवा निदान तात्पुरती मुदतवाढ मंजूर झाली नाही, तर तिजोरीतून खर्च करायला जुन्या कायद्याने मनाई आहे. तरीही खाती अशा मधल्या दिवसांत कशीबशी चालूच राहत. १९८० मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि कामे खरोखर थांबू लागली. भारतात लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, घेऊन ही वेळ टाळतात. लोकसभेने पैसाच नाकारला तर सरकार पडते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जागेवरच राहतात, पैसा तेवढा अडतो.

कोणती सेवा चालू राहणार, हे बरेचसे पैसा कुठून येतो यावर ठरते. निवृत्तिवेतन आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) स्थायी कायद्यांवर चालतात, म्हणून चालू राहतात. टपाल स्वतःच्या कमाईवर चालते. पासपोर्ट, व्हिसा आणि नागरिकत्वाचे अर्ज मुख्यतः शुल्कावर. पण यात एक मेख आहे, आणि ती पुण्याहून गेलेल्या अनेक संगणक अभियंत्यांना बसते: एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसाचे अर्ज घेणारे कार्यालय उघडे असले, तरी त्याआधी लागणारे प्रमाणपत्र श्रम खाते देते. २०१३ आणि २०२५ मध्ये ते खातेच अडकले आणि नवे अर्ज दाराशी थांबले. भारतीय वकिलातींचा याच्याशी संबंध नाही. त्यांचा खर्च दिल्ली करते.

खरा चटका कर्मचाऱ्यांना बसतो. काहींना 'फर्लो' मिळतो. मराठी वाचकाला हा शब्द तुरुंगाच्या बातम्यांतून ठाऊक आहे. इथे त्याचा अर्थ सक्तीची बिनपगारी रजा. विमानतळावरचे तपासनीस, हवाई नियंत्रक यांना मात्र पगाराविना कामावर यावेच लागते. ११ जानेवारी २०१९ ला अनेकांच्या हाती शून्य डॉलरची पगारस्लिप आली. २५ जानेवारीला नियंत्रक कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही काळ रोखावी लागली, आणि त्याच दिवशी ३५ दिवसांचा तो शटडाऊन संपला. २०२५ चा ४३ दिवस चालला, तोवरचा सर्वांत लांब. त्या वेळी सुमारे ४.२ कोटी लोकांना आधार देणाऱ्या 'स्नॅप' या अन्नसाहाय्य योजनेचे नोव्हेंबरचे पैसेही रखडले.

थकलेला पगार नंतर मिळतो. २०१९ च्या कायद्याने तशी तरतूद आहे. कंत्राटदाराकडच्या झाडूवाल्याला, पहारेकऱ्याला किंवा उपाहारगृहातल्या वाढप्याला ती लागू नाही, आणि सहसा त्यांची मजुरी बुडते ती बुडतेच.

मदतीसाठी पहिला दरवाजा २११ हा दूरध्वनी क्रमांक. अन्नपेढी, घरभाडे, वीजबिल यांची स्थानिक मदत तिथून कळते. फर्लोवरच्या कर्मचाऱ्याला ज्या राज्यात नोकरी आहे तिथे बेकारी भत्ता मागता येतो, मात्र पगार मिळाल्यावर तो परत करावा लागतो. बिनपगारी राबणाऱ्याला बहुधा तोही मिळत नाही, कारण कागदोपत्री तो कामावर असतो. कर्जाचा हप्ता चुकण्याआधीच बँकेशी बोलावे. कर्मचाऱ्यांच्या काही पतसंस्था अशा वेळी बिनव्याजी उचल देतात. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या गुरुद्वाऱ्याने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी लंगर घातला होता.