चाळीस दिवस चिल्ल्याचे आणि चाळीस दिवस लेंटचे

राखेचा बुधवार, म्हणजे लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला की पहिल्या-दुसऱ्या रविवारी कुठल्या ना कुठल्या उपदेशात गवई येतोच. तो पहाटे चारला उठतो, तानपुरा लावतो, थंड पाणी पीत नाही, लोणच्याला हात लावत नाही, वर्षानुवर्षं घासतो आणि मग कुठे त्याला सूर सापडतो. "तसंच आपणही या चाळीस दिवसांत घासलं, तर देव सापडेल." मंडळी माना डोलावतात. मी पेटीवर बसलेली असते, त्यामुळे मान खाली घालायची सोय असते.

आठवडाभर मी गाणं शिकवते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवते, म्हणून या दृष्टान्ताचा जाच मला दोन्हीकडून होतो. क्लासमधली मुलं रियाजाला व्रत समजतात आणि चर्चमधली मंडळी उपवासकाळाला रियाज. पहिल्या समजुतीनं फार तर गळा बसतो. दुसरीनं माणसं खचतात, म्हणून लिहायला बसले.

घोटाळा व्हावा इतकं साम्य आहे, हे कबूल. चिल्ला म्हणजे काय ते गाण्या-बजावण्यातल्या माणसाला सांगायला नको: चाळीस दिवस स्वतःला कोंडून घ्यायचं, तबला असो की सतार, ठरलेले तास, ठरलेला पाठ, बाकी जग बंद. शब्दच मुळी फारसीतल्या चाळीसवरून आलेला. लेंटही चाळीस दिवसांचा, येशूनं रानात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपासाची आठवण. दोन्हीकडे पहाट, एकांत आणि खाण्यावर बंधन. आमच्या नागपुरात तर ताटसुद्धा एकच. गळ्यासाठी झणझणीत सावजी मटण सोडलेला आणि लेंटसाठी सावजी सोडलेला, दोघं एकाच लग्नात शेजारी बसून वरणभात कालवतात. वाढणाऱ्याला काय कळणार!

किरकोळ फरक आधी उरकते. चिल्ल्याला कधीही बसता येतं, लेंट ईस्टरला बांधलेला. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. मधले दिवस मोजले तर 46 भरतात, कारण सहा रविवार मोजणीत धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही. (मग रविवारी मटण चालतं का, हे मला विचारू नका, पाळकांना विचारा.) कॅथलिकांचे नियम लिहिलेले आहेत: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांनी मांस वर्ज्य करायचं. आम्हा प्रोटेस्टंटांत बहुतेक ठिकाणी ज्याचं त्यानं ठरवायचं. चिल्ल्याला रविवारची सुटी नाही. झालं.

आता जिथं सगळे अडखळतात तिथं येऊ.

चिल्ला हा सौदा आहे, आणि तसं म्हणण्यात मला जरासुद्धा कमीपणा वाटत नाही. झोप द्यायची, मित्र द्यायचे, संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन बसणं द्यायचं आणि बदल्यात बोटांना बोल चढवून घ्यायचे. खरज, म्हणजे खालच्या सप्तकातला रियाज, भरला नाही तर मंद्रातला पंचम नुसती हवा होऊन बाहेर पडतो, मग तुम्ही कितीही भाविक असा. वसंतराव देशपांडे आमच्या नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांनी त्यांना महिनोन्महिने एकट्या मारव्यावर ठेवलं, असं सांगतात. मारव्यात पंचम नाही आणि षड्ज सारखा हुलकावणी देतो. त्या रागावर इतका काळ बसायचं म्हणजे काय, ते ज्यानं आठवडाभर करून पाहिलं त्यालाच कळेल. त्यांनी किंमत मोजली आणि माल घरी आणला. आणि हेच वसंतराव कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते. घरदार सोडल्याशिवाय त्याग होत नाही असं मानणाऱ्या हौशी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. सूर हिशेब विचारतो तो तासांचा. नोकरीचा राजीनामा त्याला दाखवून उपयोग नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत क्रम उलटा. आधी मिळतं, मग सुटतं.

बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात एक जागा आहे, तिच्यावरून उपदेशक घाईघाईनं पुढे जातात. मंदिरातला याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा करतो. येशू मात्र एकदाच यज्ञ अर्पून बसला. उभा आणि बसला, या दोन क्रियापदांत सगळं आलं. रोज उभं राहणाऱ्याचं काम कधी पुरं होत नाही, म्हणून तो उभा. बसणाऱ्याचं झालं आहे. रियाज करणारा त्या उभ्या याजकाच्या जातीचा: कालचा खरज आज पुरत नाही, सत्तरी गाठलेल्या उस्तादांनाही पहाटे षड्ज लावावाच लागतो. लेंट पाळणारा मात्र बसलेल्याच्या पायाशी बसलेला असतो. त्यानं सोडलेल्या मटणानं त्या यज्ञात गुंजभरही भर पडत नाही, आणि खाल्लेल्या मटणानं काही वजा होत नाही.

मग सोडायचं कशाला? याला मी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण देते, कारण आमच्या उपासनेत त्यांची गीतं असतात आणि त्यांच्याचबद्दल हा घोटाळा सर्रास होतो. टिळक काही काळ नागपुरात होते. 1893 साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात गेली, सोयरे गेले, पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा यांच्यापासून काही वर्षं ताटातूट झाली. व्यासपीठावरून सांगतात, "टिळकांनी केवढा त्याग केला, म्हणून त्यांना ख्रिस्त लाभला." अहो, तारखा तरी बघा! पुस्तक आधी हातात पडलं, मन आधी गेलं, ताटातूट नंतर झाली. तो त्याग दार उघडावं म्हणून दिलेली फी नव्हती. दार उघडल्यावर मागे जे राहिलं, ते राहिलं.

इथं कुणीतरी नव्या करारातलंच याकोबाचं पत्र काढतं: क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. बरोबर आहे, कोण नाही म्हणतं? पण जिवंत माणूस श्वास घेतो, म्हणून श्वास घेऊन कुणी जिवंत होत नाही. मेलेल्याला कितीही पंखा घाला.

चिकाटीचंही तेच. मराठी बायबलात जिथं जिथं टिकून राहण्याची गोष्ट येते तिथं बहुधा 'धीर' हा शब्द आहे, आणि ज्यानं कुणी तो निवडला त्याला माझा नमस्कार. चिकाटीत मी धरून असते. धीरात मला कुणीतरी धरून आहे, याचा भरवसा असतो. परीक्षा होते ती चुकल्यावर. चिल्ला तेविसाव्या दिवशी मोडला तर पुन्हा पहिल्यापासून, जुन्या घराण्यांत याला माफी नाही, आणि नसावीच. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं कोंबडा आरवण्याआधी तीनदा, मी त्याला ओळखत नाही, असं सांगितलं. पुढे तिबिर्याच्या समुद्रकाठी येशूनं त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि आपल्या अनुयायांचा कळपही त्याच्याच हाती दिला. पहिल्यापासून चाल, असं म्हटलं नाही. मैफलीत तीनदा बेसूर लागलेल्याला कुणी पुढचं आमंत्रण देतं का, सांगा. मीही देणार नाही.

आणि एक, जाता जाता. रियाज शेवटी ऐकवावाच लागतो. गुरूनं ऐकलं नाही तर चूक पक्की होते. उपासाबद्दल मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात बजावलेलं आहे की डोक्याला तेल लाव, तोंड धू, कुणाला कळू देऊ नकोस. आमच्याकडे मात्र राखेच्या बुधवारीच व्हॉट्सॲपवर कळतं की कुणी चहा सोडला आणि कुणी मोबाइल. मोबाइल सोडल्याचं मोबाइलवर!

यंदा क्लासमधल्या एका पोरानं दोन्ही एकदम धरलं. पहाटे साडेचारला खरज आणि ईस्टरपर्यंत मटण बंद. मार्चअखेरीस घरातलं लग्न निघालं, दोन रात्री जागरण, सावजीचा रस्सा, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. बाहेर कूलर नुकताच लागला होता, त्याची घरघर आत येत होती.

"ताई, मटण खाल्लं मी. आता पुन्हा एकपासून मोजू काय?"

"ते तू आणि तुझा प्रभू बघून घ्या. चर्चला ये म्हणजे झालं. कूलर बंद कर आणि सा लाव."

त्यानं पेटीच्या काळी दोन पट्टीतला सा लावला. उतरलेला होता, आणि कूलरच्या घरघरीला चिकटायची सवय दोन दिवसांत लागलेली. "रियाज मात्र एकपासून," मी म्हटलं. त्यानं तानपुऱ्याचा आवाज वाढवला, पुन्हा सा लावला आणि पुन्हा उतरला.