शेवळासोबत काकडं का घ्यावी लागतात?

वळवाचे एकदोन दणके बसले की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत शेवळं दिसू लागतात. तपकिरी-जांभळट टोकदार कोंब, जुडी बांधलेले. विकायला बसलेली वारली, ठाकर किंवा कातकरी बाई शेजारीच लहान हिरव्या आंबट फळांचे वाटे मांडते. ही काकडं. नुसती शेवळं उचलून निघालेल्या नवख्या गिऱ्हाइकाला ती हमखास हटकते, "काकडं घेतली का? नाहीतर खाजेल."

तिच्या या एका वाक्यात बरंच वनस्पतिशास्त्र आहे. शेवळ सुरणाच्याच प्रजातीतलं. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्याजुड्यांनी भरलेले असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. पान किंवा कंद चावला की या सुया जिभेत आणि घशात घुसतात. पण एवढी आग केवळ टोचण्याने होत नाही. अळूवर झालेल्या प्रयोगांतून असं दिसतं की सुयांबरोबर असलेली काही प्रथिनंही या जळजळीला जबाबदार आहेत. सुईने वाट करायची आणि प्रथिनाने आग लावायची, अशी ही दुहेरी राखण आहे. जागेवरून हलता न येणाऱ्या झाडाला कंद कुरतडणाऱ्या प्राण्यांपासून वाचायचं तर असं काहीतरी हवंच.

स्वयंपाकघरातला तोडगाही दुहेरी आहे. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून सुया उकळून नाहीशा होत नाहीत. प्रथिनांची घडी मात्र उष्णतेने आणि आंबटपणाने मोडते. म्हणून शेवळं चांगली शिजवायची आणि त्यांत काकडांचा रस घालायचा. काकडं नसली तर चिंच किंवा आमसूल. अळूच्या फतफत्यात चिंच असते तीही नुसती चवीपुरती नव्हे. शिवाय शेवळं निवडताना आतल्या दांड्याचा दाणेदार पिवळा भाग काढून टाकतात, कारण तो सर्वांत जास्त खाजतो. झाडाचा कोणता भाग किती तापदायक, हे सूक्ष्मदर्शक नसताना पिढ्यान् पिढ्या चव घेत, चुकत, शिकत माणसांनी हुडकून काढलं. मला हे ज्ञान प्रयोगशाळेतल्या ज्ञानाइतकंच कसाचं वाटतं.

आपण शेवळ म्हणून जे खातो ते त्या वनस्पतीचं फूल, खरं तर फुलोरा. वर्षाचा बराच काळ तिचा कंद जमिनीत निजलेला असतो. पहिल्या ओलाव्याला आधी फुलोरा वर येतो आणि पान मागाहून. फुलोरा उमलला की कुजकट वास सुटतो, त्या वासाला कीटक येतात आणि परागीभवन होतं. म्हणूनच शेवळांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. ताटात आलेल्या प्रत्येक शेवळाचं बी त्या वर्षी धरत नाही, हेही खरं. कंद खाली शाबूत राहतो म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा फुलोरा येतो. पण एखाद्या टेकडीवरची सगळीच शेवळं दरवर्षी खुडली गेली, तर नवी रोपं कुठून येणार? पूर्वी गावापुरती खुडली जाणारी भाजी आता शहरांसाठी खुडली जाते, तेव्हा हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

टाकळा या दुसऱ्या रानभाजीची गोष्ट वेगळी. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर माळावर, रस्त्याकडेला त्याचं रान माजतं. भाजी करायची ती मात्र कोवळ्या पानांचीच. झाड जून झालं की पानं उग्र होतात. त्यात पोट ढाळवणारी द्रव्यंही असतात.

घोळ ही भाजी तर मला चमत्कारच वाटते. लालसर, मांसल देठांची, बांधाला चिकटून पसरणारी. ऊस आणि मका ज्या पद्धतीने कडक उन्हात प्रकाशसंश्लेषण करतात ती घोळीकडे आहे. पाण्याची ओढ बसली की निवडुंगासारखी दुसरी पद्धतही ती वापरते. दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा. या दोन्ही पद्धती घोळीच्या एकाच पेशीत एकमेकींत गुंफलेल्या असतात, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवून दिलं. रात्री साठवलेलं आम्ल दिवसभरात वापरलं जातं. त्यामुळे कोरड पडलेल्या जमिनीतली घोळ सकाळी खुडली तर जास्त आंबट लागते, दुपारी कमी. शिवाय पालेभाज्यांत विरळा असलेलं ओमेगा-3 प्रकारचं मेदाम्ल तिच्यात चांगल्या प्रमाणात असतं. ऑक्झलेटही भरपूर असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानंच खावी.

आता या भाज्यांच्या जागेकडे बघू. घोळ, कुर्डू, केना, तांदुळजा, पाथरी या काही दाट जंगलातल्या भाज्या नव्हेत. शेतातलं तण म्हणून त्या उगवतात. खुरपणी करताना बायका त्यांतली कोवळी पानं ओटीत टाकत आणि संध्याकाळची भाजी होऊन जाई. तणनाशक फवारलं की खुरपणी वाचते, पण त्याबरोबर ही भाजीही जाते आणि ती ओळखणारी नजरही. ज्या मुलीने आईबरोबर शेतात पाथरी खुडलीच नाही, तिला ती चित्रावरून कशी ओळखता येणार? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात अन्नासाठी सुमारे 6,000 वनस्पती लावल्या गेल्या आहेत, पण एकूण पीक उत्पादनाचा 66 टक्के वाटा फक्त 9 पिकांचा आहे. रानभाज्या तर या हिशेबाच्याही बाहेरच्या.

उत्साहाच्या भरात स्वतःच रानात जाऊन काहीही खुडू नये, हे मात्र बजावून सांगायला हवं. कळलावीही पावसाळ्यातच, कुंपणाकुंपणांवर वाढते आणि तिचा कंद जीवघेणा विषारी असतो. रस्त्याकडेची, गटाराजवळची किंवा फवारणी झालेल्या शेतातली भाजीही नको.

घरी लावायचीच असेल तर कर्टुलीपासून सुरुवात करावी. तिचा कंद जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो आणि पावसाबरोबर वेल पुन्हा वर येतो. फक्त कंद घेताना नर आणि मादी असे दोन्ही मागून घ्यावेत. कर्टुलीत नर-मादी वेल वेगळे असतात आणि नुसता मादी वेल लावला तर फुलं येतात, फळ धरत नाही. फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांवर रात्रीचे पतंग येतात. जवळपास पतंग नसतील तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवावं. मादी फूल लगेच ओळखू येतं, पाकळ्यांच्या खाली इवलंसं काटेरी कर्टुलं आधीपासूनच असतं.