बाप प्यायचा म्हणून मुलगा पिणारच?

लग्नाच्या जाहिरातीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द पगाराच्या आकड्याच्या शेजारीच असतो. मुलगा निर्व्यसनी निघाला तरी चौकशी थांबत नाही. वडील घेतात का, काका घेत होते का, हेही कोणीतरी हळूच विचारतं. खाण तशी माती, हा त्यामागचा हिशेब. ज्या घरात बाप दारूपायी गेला, त्या घरातला मुलगा हे लहानपणापासून ऐकतो आणि पुष्कळदा ते खरं मानूनच मोठा होतो. म्हणून यात खरं किती, हे नीट सांगायला हवं.

थोडं खरं आहे. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास केला, तो 1973 साली प्रसिद्ध झाला. 55 मुलगे असे होते, ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच ते दुसऱ्या घरी गेले होते. मोठेपणी त्यांतले 10 जण व्यसनी निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर 78 दत्तक मुलग्यांत असे फक्त 4. बापाच्या हातातला पेला कधी पाहिलाही नाही, तरी जोखीम तिप्पट-चौपट. पण त्याच 55 जणांतले 45 व्यसनी झाले नव्हते. घरोघरी सांगितला जायला हवा तो हा आकडा.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असल्याचं दिसतं. याचा अर्थ तुमच्या पेल्यातली निम्मी दारू वडिलांची, असा नव्हे. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याच्या आसपास जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच. शिवाय ‘दारूचं जनुक’ असं एखादं नाहीच. 2022 साली 34 लाख लोकांची माहिती तपासून दारू आणि तंबाखूशी संबंधित हजारो जनुकीय फरक सापडले, पण त्यांतल्या जवळपास प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. तपासलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे थुंकी तपासून मुलाचं भविष्य सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक जनुक मात्र खरोखरच दांडगं आहे: एएलडीएच2.

दारू शरीरात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी. मग या जनुकावरून बनणारं, त्याच नावाचं एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करून टाकतं. चीन, जपान, कोरियातल्या साधारण तिघांतल्या एकाच्या एन्झाइममध्ये एका जागचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, बदललेलं असतं. हे एन्झाइम चार तुकडे जुळून बनतं आणि एक बिघडलेला तुकडा उरलेल्या तिघांचंही काम अडवतो. आईकडून या जनुकाची चांगली प्रत आली आणि वडिलांकडून बिघडलेली, तर निम्मं काम तरी चालेल असं आपल्याला वाटतं. पण तुकडे जसे हाताला येतील तसे जुळतात, त्यामुळे चारही चांगले येण्याची शक्यता सोळांत एक. अर्धा ग्लास बिअर घेतली की अशा माणसाचा चेहरा लालबुंद होतो, कान तापतात, छाती धडधडते, मळमळतं. दारूची गोडीच लागत नाही. दोन्हीकडून बिघडलेली प्रत आलेल्यांत तर दारूचं व्यसन जवळजवळ सापडतच नाही.

निसर्गानंच दिलेलं हे कवच. आणि त्याचं काय झालं पाहा. जपानमध्ये सुसुमु हिगुची आणि सहकाऱ्यांनी दारूच्या व्यसनाच्या रुग्णांत एक बिघडलेली प्रत असलेले किती आहेत, ते मोजलं. 1979 साली 2.5 टक्के. 1986 साली 8 टक्के. 1992 साली 13 टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत, अर्धी पिढीसुद्धा सरत नाही. बदलला तो भोवताल. पिणं वाढत गेलं, आणि जिथे सहकाऱ्यांसोबत पिणं हा कामाचाच भाग मानला जातो तिथे चेहरा लाल झाला तरी लोक पीत राहिले. त्याची किंमत जबर आहे, कारण हे एन्झाइम अधू असताना पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कितीतरी जास्त असतो.

आपल्याकडे हा बदल फार दुर्मिळ आहे, पण त्याची नक्कल आपल्या ओळखीची आहे. व्यसनमुक्तीत वापरली जाणारी डायसल्फिराम ही गोळी हेच एन्झाइम बंद पाडते. रबराच्या कारखान्यात अशाच रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असं 1937 सालीच नोंदवलं गेलं होतं. पुढे डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी तिचं औषध केलं. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहिल्या की मला धडकी भरते. ही गोळी कोणी भाजीत कालवून दिली आणि त्या माणसानं वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊनच घ्यायची असते.

मग बाप पिणारा असलेल्या मुलानं लक्ष कशावर ठेवायचं? कॅलिफोर्नियातले मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या विशीतल्या मुलांना मोजून दारू दिली आणि पुढे अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला. तेवढ्याच दारूनं ज्यांना कमी चढली, त्यांच्यातच पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. चढत नाही म्हणून ते जास्त पितात, थांबायची खूण त्यांना उशिरा मिळते. आपल्याकडच्या बैठकीत मात्र याचं कौतुक होतं: ‘चार पेग झाले तरी गडी सरळ चालतो!’ त्या गड्याच्या घरी कोणी दारूनं गेलं असेल, तर त्याला बाजूला घेऊन हे सांगा. चढत नाही ही ताकद नाही, धोक्याची खूण आहे, आणि ती विशीतच कळली तर पेला खाली ठेवणं सोपं असतं.