ग्लासगोच्या भरतकामाच्या वर्गामागची गोष्ट

साडीच्या पदरावरच्या कोयरीला इंग्रजीत पेझली म्हणतात. पेझली हे स्कॉटलंडमधलं, ग्लासगोच्या शेजारचं विणकरांचं गाव. काश्मिरात एकेका शालीला महिनोन् महिने लागत. पेझलीकरांनी तिचा बुट्टा उचलला आणि पुढे जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी यंत्राने विणणाऱ्या मागावर भराभर विणून स्वस्तात विकला. नक्षी काश्मीरची, बारसं झालं पेझलीच्या नावाने! अशाच एका शाल-कारखानदाराच्या घरी १८६४ साली जेसी रोवॅट जन्मली; ग्लासगोचा भरतकामाचा वर्ग पुढे हिनेच काढला. ती वयात येईतो शालींची फॅशन ओसरली होती.

तेव्हाच्या युरोपात घरंदाज बायकांचं भरतकाम म्हणजे बहुतेक 'बर्लिन वर्क'. चौकटींच्या कागदावर रंगवून छापलेला नमुना विकत आणायचा, चौकटी मोजायच्या आणि जाळीदार कापडावर लोकरीने तेवढे टाके घालायचे. कुत्रं असो की गुलाबाचा गुच्छ, दहा घरांत तोच. याला कंटाळून १८७२ मध्ये लंडनला कलात्मक भरतकामाची एक शाळा निघाली, तीच पुढची 'रॉयल स्कूल'. गरजू पण शिकलेल्या बायकांना पोटापाण्याचं काम मिळावं हाही तिचा हेतू होता. टाक्यांचा दर्जा तिथे नक्कीच सुधारला. नक्षी मात्र बऱ्याचदा विल्यम मॉरिस, वॉल्टर क्रेन अशा नामवंत पुरुष नक्षीकारांची. त्यांनी काढायची, बायकांनी भरायची.

जेसी ग्लासगोच्या कलाशाळेत शिकली. १८८९ मध्ये तिने तिथल्याच मुख्याध्यापकांशी, फ्रान्सिस न्यूबेरींशी लग्न केलं आणि १८९४ मध्ये शाळेत भरतकामाचा वर्ग सुरू केला. नवऱ्याच्या शाळेत बायकोचा वर्ग, हे वशिल्याचं वाटेल. पण वर्गात जे चाले ते पाहिलं की तो आक्षेप मागे पडतो. जी नक्षी काढेल तिनेच ती भरायची, हा तिचा दंडक. रेशीम-मखमल लागतच नसे, जाडंभरडं लिनन, मांजरपाट, गोणपाटसुद्धा चाले. टाके मोजके आणि साधे. आडव्या रेघेला उभी, सरळ रेघेला वळणदार अशी जोड तिला आवडे. मिरपुडीच्या डबीची नक्षी आपल्या जागी कॅथेड्रलच्या आराखड्याइतकीच महत्त्वाची, असं तिचं मत होतं.

तिचा प्रसिद्ध गुलाबच पाहा. गुलाबी कापडाचा साधारण गोल तुकडा कापायचा, खालच्या कापडावर ठेवायचा आणि कडेने व आतून भरीव टाक्याच्या काही वळणदार रेघा मारायच्या. त्या रेघाच पाकळ्या होतात. एकेक पाकळी छटांनी भरत बसायला नको, आणि नवशिक्या हातालाही जमतं. आज 'ग्लासगोचा गुलाब' म्हटलं की लोक वास्तुविशारद मॅकिंतॉशचं नाव घेतात. जेसीबाईंचं नाव फार तर तळटीपेत.

शाळेबाहेरच्या बायकांसाठी शनिवारी वर्ग भरत. तिथे शिक्षिका येत, आणि हे शिक्षण त्यांच्यामार्फत साध्या शाळांतल्या मुलींपर्यंत गेलं. माझ्या मते जेसीचं सगळ्यात मोठं काम हेच. प्रदर्शनात मांडलेल्या भरतकामाच्या पडद्यांपेक्षा ते जास्त लांब पोचलं.

१९०८ मध्ये तब्येतीमुळे तिने शिकवणं सोडलं. तिची विद्यार्थिनी अ‍ॅन मॅकबेथ आधीपासून वर्गात शिकवत होती. विभागाची धुरा तिच्याकडे आली. दोघीही बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या. १९१० साली ग्लासगोला चळवळीच्या मदतीसाठी बाजार भरला, त्यासाठी मॅकबेथने लिननच्या तुकड्यांची एक गोधडी केली. तुरुंगात उपोषण केलेल्या ८० बायकांच्या सह्या तिच्यावर टाक्यांनी भरलेल्या आहेत, प्रत्येकीच्या हस्ताक्षराच्या वळणासकट. ती दहा पौंडांना विकली गेली आणि नंतर लंडनच्या मोर्चात निशाण म्हणून फिरली.